निवडीचा भार

मनुष्यमात्राची सारी धडपड सुखासाठी चाललेली असते, हे सांगावयास कोणा पंडिताची गरज नाही. परंतु ते सुख कोणत्या वाटेने मिळते, असा प्रश्न केला की घरोघरी दोन पक्ष पडतात. मुले म्हणतात, 'आम्हांला हवे ते आम्हांला करू द्या, म्हणजे आम्ही सुखी होऊ.' आईबाप म्हणतात, 'तुम्हांला अजून काय कळते? आम्ही सांगतो त्यातच तुमचे सुख आहे.' वर्गात 'स्वातंत्र्य' या विषयावर निबंध लिहावयास दिला, तर बहुतेक वह्यांत पहिला पक्ष आढळतो; आणि पालकसभेच्या दिवशी त्याच मुलांच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून दुसरा पक्ष ऐकू येतो. दोन्ही पक्षांचे ऐकता ऐकता आमच्या केसांत पांढरे दिसू लागले आहे. आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. राहिलेले अर्धे कोणते, ते या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे. दाखले मात्र आम्ही दूरच्या ग्रंथांतून न आणता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मातीतूनच घेणार आहोत. कारण या विषयावर आपल्या जंगलपट्टीने जितके शिकवले आहे तितके क्वचितच कोणी शिकवले असेल.

प्रथम स्वातंत्र्य म्हणजे काय ते पाहू. अडवणारा कोणी नसणे म्हणजे स्वातंत्र्य, असे सामान्यतः समजले जाते. परंतु रानात चकवा लागलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. त्याला अडवणारा कोणी नाही. दाही दिशा त्याला मोकळ्या आहेत. हवे तिकडे पाऊल टाकण्यास त्याला पूर्ण मुभा आहे. तरी तो रात्रभर चालून पहाटे पुन्हा त्याच मोहाच्या झाडाखाली येतो! त्याला स्वतंत्र कोण म्हणेल? याउलट ज्याला आपले गाव कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक आहे, तो एकच पायवाट धरून, काटे तुडवीत, घरी पोहोचतो. वाटा पुष्कळ असणे हे स्वातंत्र्याचे निम्मे अंग झाले. त्यांतील एक निवडणे आणि निवडलेल्या वाटेवरचे काटे आपल्याच पायांनी तुडवणे, हे त्याचे दुसरे अंग होय. आणि लोक विसरतात ते नेमके हेच.

पहिल्या अंगाचे महत्त्व आम्ही कमी मानतो असे मात्र कोणी समजू नये. ज्याच्या वाटाच दुसऱ्याने बंद केल्या आहेत, त्याला निवडीचा उपदेश करणे ही थट्टा आहे. याच मुलखात बाबूराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराने इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूरच्या लोकांनी जे भोगले तेही सर्वश्रुत आहे. अशांच्या बलिदानाने १९४७ साली बाहेरचे कुलूप निघाले. परंतु कुलूप निघाले म्हणजे घर सजले असे होत नाही. दार उघडल्यावर आत काय करावयाचे, हे ज्याचे त्याला ठरवावे लागते. आणि ते ठरवणे दार उघडण्याइतकेच कठीण असते.

निवड किती गंभीर असू शकते, याचा एक थोर दाखला चंद्रपूर शहरात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर निरनिराळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी त्यांना आपल्याकडे बोलावले. त्यांत आम्हां ख्रिस्ती लोकांचे पुढारीही होते. त्यांनी कोणाचे ऐकून घाई केली नाही. वाचन केले, तुलना केली, वाद केले. आणि एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, त्यांनी चांद्यास येऊन असंख्य लोकांना दीक्षा दिली. त्या जागी आज दीक्षाभूमी आहे. त्यांचा निर्णय आमच्या धर्माचा नव्हता; परंतु निवड कशी करावी याचा इतका उत्तम धडा आम्हांला दुसरीकडे सहसा आढळत नाही. एका प्रश्नाला एकवीस वर्षे! नाहीतर आपण! शेजारच्या मुलाने जी शाखा घेतली ती आपल्या मुलाने घ्यावी, एवढ्या एका कारणावर एका सायंकाळी आयुष्याचा निकाल लावून मोकळे होतो.

येथे कोणी म्हणेल, 'थोर पुरुषांची गोष्ट निराळी. सामान्य माणसाला एवढा विचार कोठून जमणार?' त्यांना आम्ही धानोरा तालुक्यातील मेंढा या गावी चलण्याची विनंती करतो. लेखा गावाजवळचे म्हणून त्याला मेंढा (लेखा) म्हणतात. सुमारे शंभर घरांची ही गोंड वस्ती. या गावाचे एक वाक्य आता महाराष्ट्रभर पसरले आहे : 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' वाक्य ऐकावयास गोड आहे. परंतु त्याच्या मागे जे कष्ट आहेत ते पाहिले म्हणजे 'आम्हीच सरकार' म्हणणे किती अवघड आहे, हे ध्यानात येते.

मेंढ्याच्या ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. म्हणजे नव्वद जणांनी हात वर केले आणि दहा जण गप्प बसले, तर विषय संपला असे तेथे मानीत नाहीत. त्या दहांचे म्हणणे काय आहे ते ऐकावयाचे, पुन्हा बसावयाचे, पटेपर्यंत थांबावयाचे. शिवाय गावाचा अभ्यासगट असतो. एखाद्या प्रश्नाची माहिती नसेल तर जाणत्याला बोलवावे, विचारावे, चर्चा करावी. पण निर्णय त्याच्या हाती न देता तो ग्रामसभेनेच घ्यावा, अशी रीत. देवाजी तोफा हे या गावचे, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे गावासोबत दीर्घकाळ अभ्यास करीत राहिलेले मित्र. या दोघांची नावे या कामाशी जोडली गेली आहेत; तरी कोणा एकाच्या शब्दाने गाव चालत नाही, हेच मेंढ्याचे वैशिष्ट्य होय.

जंगलाचेच पाहा. पिढ्यान् पिढ्या ज्या रानात हे लोक राहिले, त्या रानातील बांबू त्यांच्या डोळ्यांदेखत कागदाच्या गिरणीकडे जाई आणि गावकऱ्यांना मात्र काडी आणावयाची तरी भीती वाटे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही स्थिती पालटण्याची वाट उघडली, आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मेंढ्यास मिळाला. तरी बांबू विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना लागे, आणि तो देण्याचा अधिकार कोणाचा यावर घोळ चालला. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी मेंढ्यास येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले.

आता आमचा मुद्दा पुढेच आहे. हक्क मिळाला म्हणजे हवे ते तोडण्याची मोकळीक मिळाली, असा अर्थ गावाने केला नाही. फळांसाठी झाड तोडू नये, मध काढताना पोळे जाळून मधमाश्या मारू नयेत, असे निर्बंध गावाने हक्काचा कागद येण्याच्या पूर्वीपासूनच आपले आपण घालून घेतले होते. पुढे २०१३ मध्ये तर शेतीची खाजगी जमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय गावाने घेतला. बाहेरच्याने हाच निर्बंध घातला असता तर तो जुलूम वाटला असता, आणि रात्री लपूनछपून मोडलाही गेला असता. ज्याने घातला त्यालाच तो पाळावयाचा आहे, म्हणून तो जाचत नाही. वाचकहो, स्वातंत्र्य आणि बंधन हे एकमेकांचे वैरी आहेत, ही समजूत आपण मेंढ्याच्या वेशीवरच ठेवून यावे.

हाच प्रश्न आपल्या दोन जिल्ह्यांत दारूच्या रूपाने गेली कित्येक वर्षे पेटलेला आहे, आणि त्याविषयी न बोलता पुढे जाणे भित्रेपणाचे होईल. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती वरून आली नाही, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासह अनेक कार्यकर्त्यांनी आणि गावोगावच्या बायाबापड्यांनी ती मागून घेतली. चंद्रपूर जिल्ह्यातही स्त्रियांनीच हा प्रश्न उचलला. २०१० च्या डिसेंबरात तर त्या चिमूरहून नागपुरापर्यंत पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून तेथे बंदी झाली, आणि २७ मे २०२१ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. बंदीमुळे चोरटा धंदा आणि गुन्हे वाढले, असे कारण सांगण्यात आले.

बंदी नको म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार असा : प्यावे की पिऊ नये, हे ज्याचे त्याने ठरवावे, सरकारने प्रौढ माणसाचा हात का धरावा? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. जो मनुष्य केवळ शिपायाच्या भयाने पीत नाही, तो निर्व्यसनी झाला असे आम्हीही म्हणणार नाही. आणि गावाचे मन तयार नसता नुसता कायदा केला, तर बाटली दुकानातून निघून गवताच्या गंजीत जाते, हेही सर्वांनी पाहिले आहे. परंतु 'ज्याचे त्याने ठरवावे' असे म्हणताना आम्ही एक साधा प्रश्न विचारतो : ठरवतो कोण, आणि भरतो कोण? धान विकून आलेला पैसा एकाने गुत्त्यावर घालवला. ही निवड त्याची. पण त्या रात्री उपाशी कोण निजले? मार कोणी खाल्ला? वह्या-पुस्तकांवाचून शाळा कोणाची सुटली? त्यांना कोणी विचारले होते काय? ज्या निवडीचे सुख आपल्या घशाखाली जाते आणि जिचे ओझे बायकोच्या आणि लेकरांच्या डोक्यावर बसते, तिला स्वातंत्र्य हे पवित्र नाव देणे आम्हांला मान्य नाही. ती दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची चोरी आहे. म्हणूनच मेंढ्यात निर्णयाच्या बैठकीत बायकांनाही बरोबरीने बसवण्यात आले, आणि गावातील दारूबंदीचा निर्णय झाला तो त्यांच्यासह झाला. जे ओझे वाहतात त्यांना निवडीत बसवले की निवड आपोआप शहाणी होते. कायदा राहो वा जावो, असा निर्णय ज्या गावाने केला त्या गावाला मंत्रिमंडळाच्या कागदाची वाट पाहावी लागत नाही.

येथपर्यंत स्वातंत्र्य आणि निवड यांविषयी झाले. राहिले सुख. 'हा सारा भार उचलला, तर सुख कोठे राहिले?' असे आमचे विद्यार्थी विचारतील; आणि त्यांच्या वयाला तो प्रश्न शोभतोही. याचे उत्तर वरोऱ्याजवळ आहे.

मुरलीधर देवीदास आमटे हे सुखवस्तू घरचे. वकिली चांगली चाललेली, शिकारीचा आणि मोटारीचा शौक. ज्याला लोक मनासारखे जगणे म्हणतात, ते त्यांच्या हाती आयते आले होते. एका पावसाळी रात्री त्यांनी रस्त्याच्या कडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी मरणाच्या दारी पडलेला पाहिला. बोटे झडलेली, अंगात किडे पडलेले. आमटे भिऊन पळाले. त्यांना तेथून पळण्याचे स्वातंत्र्य होते. कोणताही कायदा त्यांना अडवीत नव्हता, कोणी नावही ठेवले नसते. परंतु ज्याने आजवर कशाचीच भीती बाळगली नाही असा आपल्याविषयी त्यांचा समज होता, तोच मनुष्य एका दुबळ्या देहाला भ्याला, हे त्यांना सहन होईना. ते परत फिरले, आणि त्या माणसाची सेवा केली. पुढे कलकत्त्यास जाऊन कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ, विंचूकाट्यांच्या माळावर, साधनाताई, दोन लहान मुले आणि मोजके रुग्ण यांना घेऊन वस्ती केली. त्या वस्तीला नाव काय दिले? आनंदवन!

हे नाव आपण इतके वेळा उच्चारतो की त्यातील धाडस आपल्या ध्यानात येत नाही. घराने टाकलेले, गावाने हाकललेले, स्वतःच्या देहाचीही साथ सुटलेले लोक जेथे आले, त्या जागेला 'आनंद' हा शब्द! परंतु नाव खोटे ठरले नाही. तेथे रुग्णांच्या हाती भिक्षापात्र न देता कुदळ देण्यात आली. त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, घरे बांधली; आणि ज्यांच्या हातचे पाणी कोणी पीत नव्हते त्यांच्या हातचे धान्य आणि भाजी खाऊन लोक तृप्त होऊ लागले. १९७३ मध्ये याच कार्यातून भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प निघाला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी विजेचा दिवाही नसलेल्या त्या रानात आपला संसार मांडला.

या लोकांनी सुखाचा शोध केला, असे आम्हांला दिसत नाही. त्यांनी एक काम निवडले, त्याचा भार खांद्यावर घेतला. आणि सुख मागून चालत आले. सुख हे रानातील हरणासारखे आहे. पाठलाग करणाऱ्याला ते पाठमोरे दिसते. आपल्या कामात मग्न असलेल्या गुराख्याच्या जवळून मात्र ते निर्भय चरत जाते.

आता घरात परत येऊ. दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघर एक नाटक होते. कोणती शाखा, कोणते शहर, कोणती शिकवणी, हे सारे ठरते. फक्त ज्याने शिकावयाचे त्याला कोणी विचारीत नाही. मग तो मुलगा दोन वर्षांनी हताश होऊन परत येतो, तेव्हा बाप म्हणतो, 'आम्ही काय कमी केले?' खरोखरच त्यांनी काही कमी केलेले नसते. त्यांनी जास्त केलेले असते. निवडही स्वतःच केलेली असते. पालकांनो, लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक आहे. त्यातील मुलाविषयी सर्व बोलतात. आम्हांला त्यातील बापाविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत. धाकट्याने वाटा मागितला, तेव्हा पुढे काय होईल हे त्या बापाला कळत नव्हते काय? तरी त्याने वाटा दिला, कोंडून ठेवले नाही. आणि पोर अन्नाला महाग होऊन, डुकरांमागे हिंडून, शुद्धीवर येऊन परतले, तेव्हा त्याने हिशेब मागितला नाही. धावत जाऊन त्याला गळ्याशी धरले. मुलाला निवडू द्यावे आणि घराचे दारही उघडे ठेवावे, या दोन गोष्टी एकत्र करणे हे बापपणाचे सर्वांत कठीण काम आहे. आमच्या मते तेच सर्वांत आवश्यकही आहे. निवडीचा सराव एकदम अठराव्या वर्षी होत नाही. पाचवीतल्या मुलाला आठवड्याचे दहा रुपये देऊन त्यांचा खर्च त्यालाच ठरवू द्यावा. ते सोमवारीच संपले तर मंगळवारी पुन्हा देऊ नयेत. एवढ्याशा गोष्टीत त्याला जे समजेल, ते आमच्या शंभर व्याख्यानांनी समजणार नाही.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांलाही थोडे सांगितले पाहिजे. 'माझी मर्जी' हे शब्द तुमच्या ओठांवर फार येतात. परंतु ती मर्जी खरोखर तुमची असते काय, हे कधी तपासून पाहिले आहे काय? रात्री बारापर्यंत मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरत असते. एक चित्र संपले की दुसरे आपोआप पुढे येते. ते कोणी निवडले? तुम्ही की त्या यंत्राच्या धन्याने? दाही दिशा मोकळ्या आणि पाऊल मात्र फिरून फिरून तेथेच! चकवा हा केवळ रानातच लागतो असे नाही. त्यातून सुटण्याचा उपाय आम्ही तुम्हांला तीन प्रश्नांच्या रूपाने देतो. काहीही निवडण्यापूर्वी स्वतःला विचारा : हे मला खरोखर हवे आहे, की दुसऱ्याचे पाहून हवेसे वाटते? याची पुरी माहिती मी करून घेतली आहे काय? आणि याचा भार कोण वाहणार, मी की माझी आई? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'आई' असे आले, तर ती निवड अजून तुमची झालेली नाही, असे खुशाल समजा.

तात्पर्य, मुलांचा पक्ष खरा आहे. निवडीवाचून सुख नाही. आईबापांचा पक्षही खरा आहे. विचारावाचून निवड नाही. परंतु जो निवडतो त्यानेच भार उचलावा आणि जो भार उचलतो त्याला निवडू द्यावे, हा तिसरा नियम दोघांनीही मान्य केला, तर घरातील तंटा पुष्कळसा मिटेल. शंभर घरांच्या एका गावाला जे साधले, ते चार माणसांच्या एका घराला साधू नये असे काही आहे काय? या सुटीत प्रत्येक घराने एक प्रश्न, लहानसा का होईना, सर्वांना बसवून आणि सर्वांना पटेपर्यंत थांबून सोडवून पाहावा. धाकट्या बहिणीचेही ऐकून घ्यावे. वेळ लागेल, थोडी कुरकुर होईल. पण जो निर्णय होईल तो मोडावा असे कोणालाही वाटणार नाही.